दादाला संस्थेत ठेवायचं ते आई असताना, की आईनंतर?

कृष्णाकाठ:

नमस्कार. इथे वर्षानुवर्षं नुसती वाचत असते, लिहिते क्वचितच. विषय घरचा आहे, जरा लांबेल.

माझा दादा ४६ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. मी त्याच्याहून ६ वर्षांनी धाकटी, पण मी दुसरीत गेले तेव्हाच कधीतरी आमचे नंबर बदलले. आई ७५ ची. दोघं सांगलीत, आमच्या जुन्या घरी. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, ३ वर्षांपूर्वी गेले. मी ठाण्यात. दोन खोल्यांत आम्ही तिघं आणि सासूबाई. माझी नोकरी आहे, लोकल आहे, मुलगी दहावीला आहे.

दादाचं बरंचसं दादाच करतो. आंघोळ, कपडे, अंथरूण. दाढी बाबा करून द्यायचे, आता आई करते. तिचा हात थरथरतो म्हणून तो डोळे गच्च मिटून बसतो. घरातला कुकर त्याच्या ताब्यात आहे. ओट्याजवळ स्टुलावर बसतो, शिट्ट्या बोटांवर मोजतो, तीन झाल्या की गॅस बंद करून 'झाऽऽलं' म्हणून ओरडतो. आईने त्याला तीनच शिकवल्यात, त्यामुळे आमच्याकडे राजमा कधी होत नाही.

दिवाळीनंतर आई बाथरूमच्या दारात पडली. मनगट मोडलं, चक्कर आली. दादाने तिच्या अंगावर चादर घातली, डोक्याखाली उशी सरकवली आणि शेजारी मांडी घालून बसला. दार उघडून शेजारच्या काकूंना हाक मारावी हे काही त्याला सुचलं नाही. दोन तासांनी कामाच्या मावशी आल्या (किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून बरं), तर हा तोंडावर बोट ठेवून म्हणतो, "हळू. आई झोपली."

तेव्हापासून मला झोप नाही.

आईचं म्हणणं, मी आहे तोवर तो माझ्याजवळ, पुढचं तू बघ. काका-आत्या म्हणतात, आम्ही आहोत ना. ते वर्षातून दोनदा असतात. मी चार संस्थांना फोन केले. एकीने ४० च्या पुढे घेत नाही म्हणून सांगितलं. दुसरीने नाव विचारायच्या आधी विचारलं, "दंगा करतो का?" तिसरीकडे फोन उचलला नाही, चौथीने ये म्हटलंय.

तर प्रश्न असे: आई असताना न्यावं की नंतर? संस्था बघायला गेल्यावर नक्की बघायचं काय? आणि कागदपत्रांचं कुठून सुरू करायचं?

स्पष्ट_बोलतो:

आईवडिलांनी ४६ वर्षं सांभाळलं, बहिणीला मात्र जड झाला. पूर्वी एकत्र कुटुंबात अशी माणसं सहज सामावून जायची. संस्था वगैरे परदेशातली खुळं आहेत.

अबोल_मुलाची_आई:

कृष्णाकाठ, तुम्हाला ताई म्हणते. आधी वरच्या सद्गृहस्थांना. पूर्वी सामावून जायची, खरं आहे. आमच्या वाड्यातही एक होते. जिन्याखाली जेवायचे, आणि पाहुणे आले की त्यांना माडीवर पाठवायचे. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या तेराव्याला कळलं.

आता तुमचं. माझा मुलगा ३१ वर्षांचा, ऑटिझम, बोलत नाही म्हटलं तरी चालेल. ९ वर्षं बाहेर राहतो, त्यातली पहिली २ चुकीच्या जागी गेली. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकातलं नाही.

आई असतानाच न्या. कारण सांगते. पहिल्या संस्थेत माझ्या मुलासोबत एक चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांची आई सकाळी गेली, नातेवाईकांनी संध्याकाळी यांना आणून सोडलं. त्यांच्या लेखी आई, घर, खाट, गल्लीतला कुत्रा, सगळं एकाच दिवशी गेलं, आणि का गेलं ते कोणी सांगितलं नाही. वर्षभर ते रोज बॅग भरून फाटकाशी उभे राहायचे. आई असताना गेलेल्या माणसाला निदान हे कळतं, की आपण इथे आहोत आणि आई तिकडे आहे, रविवारी ११ ला तिचा फोन येतो, गणपतीला घरी जायचं असतं. मग पुढे फोन थांबला तरी खाट तीच राहते, शेजारी झोपणारा तोच राहतो.

काय बघायचं म्हणता, तर आधी वेळ. सकाळी १० ला जाऊ नका, तेव्हा सगळीकडे रांगोळी असते. संध्याकाळी ५ ला जा, न कळवता. आत घेतलं नाही तर तिथूनच परत फिरा.

आत गेल्यावर ऑफिसात चहा घेऊ नका, आधी संडास बघा. दाराला कडी आहे का? 'सुरक्षेसाठी' दारंच काढून टाकलेली मी पाहिलीत. मग दोरीवरचे कपडे बघा. प्रत्येकाच्या कपड्यावर त्याची खूण आहे, की गठ्ठ्यातून हाताला येईल तो सदरा? दात घासायचे ब्रश किती आहेत ते मोजा. नखं बघा. तिथल्या माणसांची बघा आणि काम करणाऱ्यांचीही. रात्रीचं जेवण किती वाजता, विचारा. पहिल्या ठिकाणी ६ ला वाढायचे, कारण स्वयंपाकवाली बाई साडेसहाच्या एसटीने जायची. त्यानंतर सकाळी ८ पर्यंत काही नाही. माझं पोर १४ तास उपाशी असायचं आणि मी फी भरत होते.

आणि गोळ्या. हे नीट वाचा. त्या जागी माझा मुलगा दोन वर्षांत ९ किलो उतरला. तक्रार एकही नव्हती, उलट "किती शांत झालाय" म्हणून मला दाखवायचे. एका भेटीत मी त्याला पेरूची फोड दिली, तर हात इतका थरथरत होता की फोड खाली पडली. शर्टाची कॉलर लाळेने भिजलेली. चिठ्ठी मागितली. झोपेची आणि डोकं शांत ठेवायची मिळून गोळ्या दुप्पट झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी त्याला पहिल्या दिवसानंतर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, फोनवर वाढवत गेले होते. त्याच दिवशी घरी आणला. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही मात्र प्रवेशाच्या कागदावरच लिहून घ्या, की मानसोपचाराची कुठलीही गोळी तुम्हाला कळवल्याशिवाय बदलायची नाही.

सध्याची जागा मला फॉर्मवरून पटली. पहिल्या संस्थेच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'त्रासदायक वर्तन असल्यास तपशील.' या फॉर्मवर होता, 'याला काय काय करायला आवडतं?' मी चार ओळी लिहिल्या आणि तिथेच रडले, कारण २४ वर्षांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फी महिना २२ हजार, अनामत ४ लाख. डोनेशनचा हिशेब लेखी घ्या. अनामत परत कधी आणि कशी, तेही.

तुम्हाला पुण्याकडे चालत असेल तर मुळशीत कोळवणचं साधना व्हिलेज आणि मारुंजीचं नवक्षितिज जाऊन बघा. जागा मिळेल न मिळेल, पण बघून नजर तयार होते. साधना व्हिलेजची मांडणी कॅम्पहिलच्या धर्तीची. नाझींमुळे व्हिएन्ना सोडलेले कार्ल क्योनिग नावाचे डॉक्टर स्कॉटलंडला गेले, तिथे ॲबर्डीनजवळ १९४० मध्ये त्यांनी सुरू केलेली ही पद्धत. वॉर्ड नाहीत, घरं आहेत. सांभाळणारी माणसं त्याच घरात राहतात, त्याच पंगतीत जेवतात, आणि ज्याला जे जमेल ते काम तो करतो. बदलापूरचं आधार तर पालकांनीच एकत्र येऊन उभं केलेलं. तिथला पसारा मोठा, तऱ्हा वेगळी. कोणाला मोठं आवार मानवतं, कोणाला चार खोल्यांचं घर. तुमच्या दादाला मला वाटतं लहान घर. जिथे कुकर दिसेल असं.

निवृत्त_अव्वल_कारकून:

कागदाचं मी सांगतो, ३४ वर्षं महसुलात काढली.

१८ पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत आईसुद्धा आपोआप पालक राहत नाही. हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात पालक नेमणारी स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आई आहे तोवर आईचं पालकत्व करून घ्या आणि आईनंतर तुमचं व्हावं ही इच्छा तिच्या मृत्युपत्रात असू द्या. पालक झाल्यावर ६ महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. देत कोणी नाही. तुम्ही द्या.

दुसरं पेन्शन. वडील सरकारी नोकर होते, म्हणजे आईला कुटुंबनिवृत्तिवेतन असणार. तिच्यानंतर ते दादाला हयातभर मिळू शकतं. त्याचे कागद आई असतानाच कोषागारात चालवा, तिच्या सहीने आठवड्यात होतं ते तिच्यानंतर दोन वर्षं रखडतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते.

तिसरं घर. वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यात तुम्हा तिघांचा सारखा हिस्सा आहे, दादाचाही. वारस नोंदीच्या वेळी 'त्याला सही येत नाही' म्हणून नावच गाळलेलं मी डझनांनी पाहिलंय. गाळणारे परके नसतात.

राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही घ्या. १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, ओपीडीसुद्धा, आणि आधी तपासण्या मागत नाहीत. हप्ता किरकोळ.

मिरजेचा_फिजिशियन:

थोडकंच लिहितो. डाऊन असलेल्यांत २१ वं गुणसूत्र तीनदा असतं, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर. त्यामुळे स्मृतिभ्रंश आपल्याला सत्तरीनंतर गाठतो, तो यांना चाळिशी-पन्नाशीत गाठू शकतो. ४० च्या पुढे घेत नाही म्हणणाऱ्या संस्थेला बहुधा हेच नको असतं. चौथ्या संस्थेला सरळ विचारा, उद्या याला भरवावं लागलं, रात्री कपडे बदलावे लागले, तर ठेवाल की घेऊन जा म्हणाल?

पण एक. दादाची मोजणी चुकायला लागली, तीनच्या जागी चार होऊ लागल्या, तर लगेच अल्झायमर म्हणून कपाळाला हात लावू नका. आधी थायरॉइड बघा, ऐकू नीट येतं का बघा, मोतीबिंदू बघा, झोपेत घोरून श्वास अडकतो का बघा. डाऊनमध्ये हे चारही वारंवार आढळतं आणि चारांवरही उपाय आहे. वर्षातून एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कराच.

लेक_माझी:

मुलींच्या पालकांसाठी लिहिते, कारण इथे सगळे दादा-मुलगे दिसतायत. माझी मुलगी २४ ची. एका ठिकाणी प्रवेशाच्या वेळी मॅडमनी हळूच विचारलं, "पिशवीचं ऑपरेशन झालंय ना?" आधी कळलंच नाही. मग सांगितलं, पाळीचं आमच्या बायकांना होत नाही, करून आणलंत तर बरं.

१९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनला नेऊन काढली होती, कारण हेच दिलं होतं, स्वच्छता. तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, की मूल होण्याची क्षमता जाईल असा उपचार त्या व्यक्तीने स्वतः समजून-उमजून संमती दिल्याशिवाय करायचा नाही. तरी विचारतात, फक्त आवाज खाली आणून. माझ्या मुलीने पॅड बदलायचं शिकायला १४ महिने घेतले. कॅलेंडरवर लाल टिकली ती स्वतः लावते. मी तिला उठवून घेऊन आले.

आणि ज्यांना कोणीच नाही त्यांचं काय, तेही मनात येतं. बालगृहात १८ पर्यंतच ठेवतात, मग बेवारस गतिमंद पोरांनी जायचं कुठे? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर याच एका प्रश्नासाठी वर्षानुवर्षं भांडतायत. १२३ मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं आणि १८ नंतरही घराबाहेर काढलं नाही. २०२४ ला पद्मश्री मिळाली. १८ नंतरही ठेवता यावं असा कायदा मात्र ते अजून मागतच आहेत.

रात्रपाळी:

मी अशा संस्थेत मावशी म्हणून ११ वर्षं रात्रीचं काम केलं. लेक टाइप करून देतेय.

घरचे लोक येताना मोठी फाईल आणतात. आयक्यू, फिट, रक्तगट. पण त्याला पाणी हवं असलं की तो काय म्हणतो, हे कोणी लिहीत नाही. एक मुलगा रात्री उठून "टिंगू, टिंगू" करून रडायचा. आम्ही म्हटलं, भावाचं नाव असेल. तीन आठवड्यांनी त्याची आजी आली, ती म्हणाली, अगं पाणी मागतोय. त्यांच्या पितळी भांड्यावर पळी आपटली की तसा आवाज यायचा.

म्हणून ताई, दादाचे शब्द लिहून द्या. भीती कशाची, झोपताना दिवा लागतो का, राग आला तर एकटं सोडायचं की जवळ बसायचं. दोन पानं पुरतात. आणि रात्री किती माणसांमागे किती बाया, ते विचारा. दिवसाचं सगळे विचारतात. मी एकटी ३० जणांना होते. त्यात एकाला फिट आली की बाकीचे २९ देवाच्या भरवशावर.

मावश्या किती वर्षं टिकल्यात तेही विचारा. दर सहा महिन्यांनी नवी मावशी असली तर समजा, पगार वेळेवर नाही.

कृष्णाकाठ:

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, फिजिशियन काकांचे जास्त. दादाचा टीएसएच खरंच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली.

तीन जागा बघितल्या. एकीत संडासाला दार नव्हतं, तिथून पाच मिनिटांत बाहेर. दुसरी मोठी आणि चांगली, पण दादा मैदानातच माझी ओढणी धरून उभा राहिला. तिसरी कोल्हापूरकडे, २४ जण, तीन घरं. मी संध्याकाळी साडेपाचला न कळवता गेले, तर दारात दोघं जण पावटे सोलत बसले होते आणि "कोण हवंय?" असं त्यांनीच विचारलं. भरवावं लागलं तर काय, हे विचारल्यावर तिथल्या बाईंनी आतल्या खोलीत नेऊन अंथरुणाला खिळलेले एक आजोबा दाखवले. नखं कापलेली होती.

कायमचं नाही, दहा दिवसांचं बघू म्हणाले. आईने बॅग भरली. मी मावशींच्या सांगण्यावरून दोन पानं लिहिली होती, त्याची साडेपाच झाली. दादाने स्वतःहून एकच गोष्ट घेतली, स्टूल. एसटीत मांडीवर घेऊन बसला.

पहिल्या दोन रात्री जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. माझ्या पोटात गोळा. तर म्हणे, स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला, बारा लिटरचा कुकर चढवला होता छोल्यांचा, तीन शिट्ट्या झाल्या आणि याने गॅस बंद करून आरोळी ठोकली. लक्षात आलं तोवर ताटं वाढून झाली होती. २४ जणांनी कच्चे छोले चावले. स्वयंपाकाच्या ताई आधी चिडल्या, मग त्यांनी तोड काढली. आता भाताचा कुकर दादाकडे. छोले-राजमा असला की त्याला अंगणात कोथिंबीर निवडायला बसवतात.

दहा दिवसांनी घरी आणला. बॅग उघडली तर कपडे घडी करून, प्रत्येकावर हिरव्या दोऱ्याची खूण. आईने ती खूण बोटाने चाचपून बघितली, बोलली काही नाही. ते दहा दिवस तिने कुकर लावलाच नव्हता म्हणे. पातेल्यात भात करायची. "मोजायला कोण होतं?" म्हणाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा, या वेळी एक महिना. आईही पहिले दोन दिवस तिथे राहून बघणार आहे, पाहुण्यांच्या खोलीत.

अव्वल कारकून काका, समितीपुढे आमची तारीख १९ ला आहे. आईच्या मृत्युपत्राची प्रत न्यावी लागेल का?

निवृत्त_अव्वल_कारकून:

न्या. झेरॉक्स दोन जास्तीच्या. आणि दादालाही न्या, समितीने त्याला बघायला हवं. वेळ ११ ची दिली असेल तर १ धरून चला, बरोबर डबा ठेवा.